बदलीपुरता आकडा

७ ऑक्टोबर २०१६, शुक्रवार. मावला.

दसऱ्यापासून आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे होणार, म्हणून आज रेकॉर्ड रूममध्ये चार ढीग केले. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद. एकोणतीस वर्षं मी हे बस्ते लाल कापडात बांधतो, सोडतो, वाळवी लागू देत नाही. कोणत्या गावच्या जमिनीची पहाणी कोणत्या मांडणीवर आहे ते डोळे मिटून सांगेन. आज साहेब नाव वाचत होते आणि मी उचलून टाकत होतो. बोथ डावीकडे. वांकिडी उजवीकडे. संध्याकाळपर्यंत हात लाल झाले.

निघता निघता माणसांची यादी आली. उद्धवराव, सीनियर असिस्टंट, आसिफाबाद. म्हणजे मीही उजवीकडे.

घरी रेणुकाला सांगितलं. ती बाजारासाठी सांबाराच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, बांधतच राहिली.

“मंग तिकडं खोली घ्या लागंल?” तिनं विचारलं.

“घ्यावीच लागेल. एकशे दहा-पंधरा किलोमीटर रोज कोण जाईल?”

“केवढी घेसान?”

“एकट्याला केवढी लागते? पाठ टेकण्यापुरती.”

ती उठली आणि वाडीतल्या वांग्यांना पाणी देऊ लागली. सकाळीच दिलं होतं. मी सांगितलंही तसं, तर म्हणाली, “कमी पडलं होतं.”

रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत. तीन वर्षं काढायची.

११ ऑक्टोबर, दसरा. आसिफाबाद.

फायलींच्या ट्रकमधूनच आलो. केरामेरीच्या घाटात ड्रायव्हर म्हणाला, “सार, तुमचा जिल्हा जड आहे.” नव्या ऑफिसला आंब्याची तोरणं होती, भाषणं झाली, पेढे वाटले. निजामाच्या काळी इथंच जिल्ह्याचं ठाणं होतं, असं एक म्हातारा सगळ्यांना सांगत फिरत होता. तो फार खूश होता.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. दसऱ्याला रेणुकाच्या हातावर सोनं ठेवलं नाही असा हा पहिलाच दसरा.

१५ ऑक्टोबर.

खोली मिळाली. पुढे पडवी, मागे मोरी, स्वयंपाकाला एक ओटा. रेणुकाचा फोन आला होता. नळाला पाणी किती वेळ येतं, ओटा खिडकीजवळ आहे की आत, शेजारी बायामाणसं कशी आहेत, सगळं विचारलं. मी सांगितलं, काळजी करू नको, मी खाणावळीत जेवतो. यावर ती “बरं” म्हणाली. तिला माझ्या जेवणाचीच काळजी.

ऑफिसात फकिरा नावाचा अटेंडर आहे, वांकिडीकडचा, पन्नाशीचा. पहिल्याच दिवशी माझं तेलुगू ऐकून म्हणाला, “साहेब, आपल्या भाषेत बोला ना. कायले जिभेले तरास देता?” त्या एका वाक्यानं दिवस बरा गेला.

२४ ऑक्टोबर, सोमवार.

पहाटे उजव्या पायाच्या अंगठ्यानं उठवलं. आधी वाटलं विंचू. उजेडात पाहिलं तर अंगठ्याचं मूळ टोमॅटोसारखं लाल, चकचकीत. चादरीचं टोक लागलं तरी ओरडावंसं वाटत होतं. ओरडलो नाही. ऐकायला कोण होतं?

हे लिहून वाटलं, घरी असतो तर ओरडलो असतो. माणूस कोणीतरी ऐकणार असेल तरच ओरडतो की काय?

फकिराला फोन केला. तो मोटारसायकल घेऊन आला. माझ्या पायाकडे पाहून म्हणाला, “चप्पल राहू द्या. पाय हातात घेऊन बसा.”

२५ ऑक्टोबर.

दवाखान्यातली डॉक्टरबाई तरुण आहे, तेलुगूत हिंदी मिसळून बोलते. मी इथं आपल्या भाषेत लिहितो. काल रक्त घेतलं, आज कागद मिळाला. युरिक ॲसिड ६.३. पुढे छापलेलं होतं की पुरुषांना ३.५ ते ७.२ चालतं.

मी म्हणालो, “म्हणजे मला काही झालंच नाही?”

“अंगठा काय म्हणतो?” बाईनं विचारलं.

“अंगठा मरणाचा दुखतो.”

“मग अंगठ्यावर विश्वास ठेवा.” तिनं समजावून सांगितलं. शरीरात हे ॲसिड रोज तयार होतं आणि लघवीतून जातं. जायचं कमी झालं की रक्तात साठतं, आणि रक्तात मावेनासं झालं की सांध्यात सुईसारखे खडे धरतात. त्याला गाऊट म्हणतात. पण ऐन दुखण्यात रक्तातला आकडा कधी कधी खाली येतो. म्हणून आजचा कागद पुरेसा नाही, सूज उतरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. काही लोकांचा आकडा जास्त असतो आणि आयुष्यात काही दुखत नाही. काहींचा असा, माझ्यासारखा. “नुसता आकडा वाचायचा नसतो, माणसासोबत वाचायचा असतो,” असं म्हणाली. दुखणं कमी व्हायची गोळी दिली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं.

ऑफिसात सगळ्यांनी कागद पाहिला. नॉर्मल आहे म्हणाले. एक जण तर म्हणाला, घरची आठवण पायात उतरली. सगळे हसले, मीही हसलो.

३० ऑक्टोबर, दिवाळी.

घरी जाता आलं नाही. पाय खाली टेकवत नाही, चार तासांची बस कशी करणार? रेणुकाला फक्त मुरगळला म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, “गया वन्सं म्हंते, वांगे मी पायते, मेथीबी मी पायते. चार-आठ दिवस काई अडत नाई म्हंते.”

गया माझी विधवा बहीण, आमच्या शेजारीच राहते. मी म्हणालो, “बरं झालं, तेवढाच तुला आराम. पण तिला सांग, मेथीला पाणी जास्त देऊ नको.”

मग ती म्हणाली, “सांगतो.” आणि ठेवला.

शेजारच्या पोरी पणत्या लावत होत्या. मी दारात खुर्ची टाकून बसलो. आमच्या वाडीत विहिरीच्या काठावर रेणुका पाच पणत्या ठेवते. आज ठेवल्या का, ते विचारायचं राहिलं. लगेच पुन्हा फोन कशाला करायचा म्हणून केला नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार.

काल रात्रीपासून रद्द झालेल्या नोटांचीच चर्चा. ऑफिस अर्धं बँकेकडे पळालं. मी दवाखान्यात गेलो, गर्दी कमी होती.

९.२.

बाई म्हणाली, “आता खरं दिसलं.” रोज एक गोळी, बहुतेक कायमची. आकडा सहाच्या आत आणायचा आणि तिथं ठेवायचा, म्हणजे जुने खडेही विरघळतात. सातच्या आत आला म्हणून भागत नाही, तुम्हाला एकदा त्रास झालाय. कलेजी, पाया, दारू बंद. मी दारू पीतच नाही.

संध्याकाळी आदिलाबादहून यशवंतरावांचा फोन आला. वीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. पायाचं सांगितलं तर त्यांचा आवाजच बदलला. “अवो उद्धवराव, मंग बसून काऊन राह्यले? मेडिकलवर बदलीचा अर्ज टाका ना! दोन-तीन रिपोर्ट चढते पायजेत, अन् डॉक्टरचं लिहून पायजे की घरच्या मानसाची गरज हाय. डिसेंबरात असे अर्ज पाहनार हायेत म्हंतात.”

तेव्हापासून तो कागद चार वेळा उघडून पाहिला. ९.२. एका महिन्यात पहिल्यांदा मला काहीतरी चांगलं मिळालं, असं वाटतंय. रोगाचा कागद पाहून आनंद होणं बरं नव्हे, हे कळतं. तरी झाला.

१२ नोव्हेंबर, दुसरा शनिवार.

सुट्टी होती. घरी जाऊ शकलो असतो, पाय आता बरा आहे. गेलो नाही, कारण रेणुकानं गोळ्या पाहिल्या असत्या आणि रोज घ्यायला लावल्या असत्या.

खरं तेच लिहितो. गोळी घेत नाही. घेतली तर आकडा उतरेल, उतरला तर अर्जात काय दाखवू? तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे. एकदा आदिलाबादला पोचलो की मग घेईन, दोन घेईन.

आज कलेजी मागवून खाल्ली. मला ती आवडत नाही. खाताना वाटलं, हा मी कोणता माणूस आहे? एकोणतीस वर्षांत एका कागदावर एक आकडा कधी खोटा लिहिला नाही. पण हा खोटा नाही. शरीर खरंच दाखवेल तोच लिहिला जाईल.

फकिरा दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, “बाईनं मना केलं होतं ना?”

“एखाद्या वेळी चालतं.”

“तुमी त जेवून नाई राह्यले साहेब, औषध घेतल्यासारखं गिळून राह्यले.”

१९ नोव्हेंबर.

रेणुकानं विचारलं, थंडी पडली का तिकडं, पांघरुणं किती आहेत. एक आहे म्हणालो. “एकच?” म्हणाली. एकट्याला एकच लागतं.

मावल्याला आता सकाळी धुकं उतरत असेल. रेणुका डोक्याला माझा जुना मफलर बांधून मेथी कापते. बाजाराची गाडी गेली की आम्ही दोघं चुलीपुढे चहा पितो. बोलत काहीच नाही. बत्तीस वर्षांत त्या चहाच्या वेळी आम्ही काय बोललो ते मला एकही आठवत नाही, आणि तरी इथं रोज सकाळी त्याच वेळी कान कशासाठी तरी उघडे राहतात.

अर्ज लिहून ठेवला आहे. मुद्देसूद झाला आहे. “सदर कर्मचाऱ्यास घरच्या माणसांच्या सान्निध्याची आवश्यकता आहे.” हे वाक्य तीनदा खोडून लिहिलं.

२३ नोव्हेंबर.

पुन्हा. या वेळी अंगठा आणि घोटा दोन्ही. दोन दिवस सरपटत मोरीपर्यंत गेलो. फकिराच्या घरून भाकरी आली.

दुखत असताना मनात आलं, चांगलंच झालं, अर्जाला जोर येईल. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं हे खरं.

२८ नोव्हेंबर, सोमवार.

१०.८. आणि त्याखाली आणखी एक ओळ, क्रिएटिनिन १.६. त्याच्यापुढे बाईनं पेनानं गोल केला.

“हा किडनीचा आकडा आहे,” ती म्हणाली. “मागच्या वेळी एक होता. गोळी रोज घेता?”

“घेतो.”

“पाकीट दाखवा.”

खिशातच होतं. ज्या दिवशी घेतलं तसंच, एकही फोडलेली नव्हती. मी काही बोलायच्या आत मागून फकिरा म्हणाला, “बाई, हे गोळी खातच नाईत. कलेजी खातात. अन् मेडिकलच्या दुकानातून दुखायच्या गोळ्या आनून खातात, मनाला येईल तेवढ्या.”

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. मी बाईला सगळं सांगितलं. जिल्हा, यादी, यशवंतराव, अर्ज. बाहेर रांग होती, तरी ती ऐकत राहिली.

मग म्हणाली, “काका, माझं घर खम्ममला आहे. दोन वर्षाची मुलगी आईकडे ठेवून मी इथं आहे. तुम्हाला घरी जायचं आहे हे मला कळतं. पण ते मी या कागदावर लिहू शकत नाही. या कागदावर फक्त तुमचं रक्त आहे. किडनी गेली तर तुम्हाला आदिलाबाद नाही, हैदराबाद गाठावं लागेल. आठवड्यातून तीनदा, मशीनवर.”

“आता गेली का?”

“अजून नाही. दुकानातल्या गोळ्या आजपासून बंद. ही लहान मात्रेनं सुरू करायची. पाणी प्या. बहुतेक परत येईल. पण पुन्हा असं केलंत तर माझ्याकडे येऊ नका.”

येताना फकिरानं गाडीवर बसवलं. खोलीशी सोडून म्हणाला, “घरी सांगा साहेब. नाई त मी सांगतो.”

२९ नोव्हेंबर.

रेणुकाला फोन करून सगळं सांगितलं. मुरगळला नव्हता तेही. ती पूर्ण ऐकत राहिली. शेवटी मी “हॅलो” म्हणालो, तर फोन बंद झालेला. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा गयानं उचलला आणि म्हणाली, “दादा, ते पेटी काढून राह्यली.”

माहेरी निघाली की काय, असं वाटलं. रागावण्याचा तिला हक्क आहे.

३० नोव्हेंबर, बुधवार.

साडेबाराला ऑफिसच्या दारात रेणुका. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात पोतं. फकिरा पळत जाऊन पोतं घेऊ लागला, तर म्हणाली, “राहू दे भाऊ, भाजी हाय, चेंदीन.”

मी म्हणालो, “तू कशी आलीस?”

“बशीनं.”

“आणि वाडी?”

“वाडी कुटं जाते? वन्सं हायेत.”

खोलीत आल्यावर तिनं आधी ओटा पाहिला, मग मोरी, मग नळ सोडून पाहिला. मग खाटेवर बसली आणि म्हणाली, “कागद दाखवा.”

मी तिन्ही रिपोर्ट ओळीनं मांडले. तिला आकडे वाचता येतात. मी बोट ठेवून सांगितलं, इथं छापलंय ते सगळ्यांसाठी, सात पॉइंट दोनपर्यंत. मला मात्र सहाच्या आत ठेवायचं. हा पहिला ऐन दुखण्यातला, म्हणून कमी दिसतो. हा दुसरा खरा. हा तिसरा.

“हा तुमी वाढवला.”

“हो.”

“काऊन?”

“घरी यायला.”

ती कागदांकडेच पाहत होती. “अन् मी दीड महिना काय करून राह्यली होती? खोली केवढी इचारलं. पानी इचारलं. वन्सं वांगे पायते म्हनलं, त तुमी मेथीले पानी कमी द्या म्हंता. पांघरूनबी इचारलं. आनखी कसं इचाराचं असते?”

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा पाय नव्हे, दुसरंच काहीतरी दुखलं.

“मला वाटलं, तुला वाडी सोडवणार नाही.”

“नाईच सोडवत. पन मले काय मुळ्या फुटल्या का तिथं?”

“मग सरळ म्हणायचंस, मी येते.”

“तुमी म्हनाचं ना, ये. खोली तुमची, गाव तुमचं. बिनबोलावता बाईमानूस कसं येईन? मी समजलं, मानसाले एकटं बरं वाटून राह्यलं.”

एवढं बोलून ती उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. मी मोरीच्या दाराशी उभा राहिलो. तिच्या हातून एक वाटी घेतली आणि फडक्यानं पुसत बसलो.

४ डिसेंबर, रविवार.

पाच दिवसांत तिनं गल्लीतल्या तीन बाया ओळखीच्या केल्या. तिला तेलुगू बाजारापुरतं येतं, तेवढ्यावर भागवते. सकाळी गोळी हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. पाण्याचा तांब्या टेबलावर आणून ठेवते, रिकामा झाला की भरते. बोलायचं मात्र कमीच, तिचा राग पुरता गेलेला नाही. आज चहाच्या वेळी म्हणाली, “किडनीचं काई झालं असतं त?” मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, “मले कोनं सांगतलं असतं? फकिरानं?”

दुपारी अर्ज काढून तिला वाचून दाखवला. “घरच्या माणसांच्या सान्निध्याची आवश्यकता आहे” इथं आल्यावर तिनं विचारलं, “सान्निध्य म्हंजे?”

“म्हणजे जवळ असणं.”

“हे साहेबाले लिहिलं तुमी. मले नाई लिहिलं.”

११ डिसेंबर, रविवार.

काल बाईनं पाहिलं. क्रिएटिनिन १.२, परत येतंय. युरिक ॲसिड ८.१. हळूहळूच उतरतं म्हणाली, घाई करायची नाही. रेणुकाकडे पाहून हसली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. रेणुका म्हणाली, समजलं. काय समजलं ते मला सांगितलं नाही.

अर्ज टाकला नाही. पुढच्या वर्षी बदल्या निघतील तेव्हा साधा अर्ज करीन आणि कारणात खरं तेवढंच लिहीन. मिळेल न मिळेल.

आज रेणुका परत गेली. मेथीचा दुसरा वाफा कापणीला आला आहे, गयाची कंबर धरली. जाणं भागच होतं. बस स्टँडवर गर्दी होती. ती खिडकीशी बसली, पेटी पायांत. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. एरवी अशा वेळी मी म्हणतो, पोचल्यावर फोन कर. ते तोंडात आलं होतं. ते बाजूला ठेवून मी मोठ्यानं, सगळ्यांसमोर विचारलं, “रेणुका, कधी येशील?”

पुढच्या सीटवरची बाई वळून पाहू लागली. रेणुकानं पदर नीट केला.

“याच्या पुढच्या नाई, त्याच्या पुढच्या शनवारी,” ती म्हणाली. “दुसरं पांघरून घेऊन येतो.”

१७ डिसेंबर.

गोळी घेतली. पाणी प्यालो. विशेष काही नाही. शनिवार अजून एक आठवडा लांब आहे. फोनवर तिला म्हणालो, इथं करमत नाही. असं मी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “मंग?” मी म्हणालो, “मग काही नाही, सांगितलं.” ती हसली. फोनवर हसताना तिचा आवाज मुलीसारखा लागतो, हे मला माहीत नव्हतं.

२४ डिसेंबर, शनिवार.

सकाळी रिपोर्ट आणला. ६.८. सहाच्या आत यायचं आहे अजून. घडी करून खिशात ठेवला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. आदिलाबादची बस साडेअकराला येते, कधी बारा होतात. आता दहा वाजलेत. हे स्टँडच्या बाकावर बसून लिहितोय.